काजूचा चीक का उततो?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



फेब्रुवारी-मार्च उजाडला की मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या भागात ओल्या काजूगरांचे वाटे बाजारात दिसू लागतात. उसळ होते, पाहुण्यांना आग्रह होतो, मुंबईला पिशव्या जातात. उसळ खाणारी तोंडे बरीच असतात, बी फोडणारे हात मात्र एक-दोनच. त्या हातांकडे एकदा नीट पाहा. बोटांची टोके काळी पडलेली, सालपटे निघालेली, कुठे पाणी भरलेला फोड. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, 'चीक उतला.'

हा 'उतणे' शब्द आपण आणखी दोन ठिकाणी वापरतो. बिब्बा उततो, आणि आंब्याच्या देठाचा चीकही एखाद्याच्या ओठाला उततो. आपल्या लोकांनी या तिघांसाठी एकच क्रियापद वापरले, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही तिन्ही झाडे एकाच कुळात घातली. ॲनाकार्डिएसी असे त्या कुळाचे नाव. आंबा नि बिब्बा आपल्या मातीतले. काजू मात्र ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो गोव्याच्या किनाऱ्यावर आणला. नावही तिकडचेच, तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगिजांत आणि तिथून आपल्याकडे आले. पाहुणा म्हणून आला आणि सिंधुदुर्गातल्या कातळाकडेच्या बागांचा मालक होऊन बसला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जातींची नावे आज शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत.

आज बोलायचे आहे ते गराविषयी नाही, तर टरफलाविषयी. त्या टरफलात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सच्छिद्र जागा असते आणि तिच्यात तपकिरी, चिकट तेल भरलेले असते. टरफलाच्या वजनाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग हे तेलच असते. त्यात काय आहे, ते तापवले की काय होते, आणि एखाद्या रेणूची रचना जराशी बदलली तर त्याचा स्वभाव कसा पार बदलतो, हे समजून घेऊ. हा विषय पुस्तकातला वाटतो, पण आपल्या जिल्ह्यातल्या काजू कारखान्यांत रोज बसणाऱ्या बायकांच्या हातांशी त्याचा थेट संबंध आहे.

सहा घरांची वाडी

काजूच्या टरफलातील तेलात मुख्यत: तीन प्रकारचे रेणू असतात. ॲनाकार्डिक आम्ल, कार्डॉल आणि कार्डॅनॉल. थंड अवस्थेत काढलेल्या तेलात साठ टक्क्यांहून थोडे अधिक ॲनाकार्डिक आम्ल असते, कार्डॉल पंधरा-वीस टक्के आणि बाकीच्यात कार्डॅनॉल वगैरे.

या तिघांचा सांगाडा एकच. सहा कार्बन अणूंचे एक कडे. ही एक वाडी समजा. मधे अंगण आणि भोवती गोलाकार सहा घरे. पहिल्या घरात 'हायड्रॉक्सिल' नावाचा बिऱ्हाडकरू राहतो, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी. एवढेच असेल तर त्या रेणूला आपण फिनॉल म्हणतो. आता पहिल्यापासून एक घर सोडून, म्हणजे तिसऱ्या घराला, पंधरा कार्बनांची एक लांब शेपटी जोडा. झाला कार्डॅनॉल. शेपटीच्या पलीकडच्या पाचव्या घरात आणखी एक हायड्रॉक्सिल बसवा. झाला कार्डॉल. आणि पाचवे घर रिकामे ठेवून, हायड्रॉक्सिल आणि शेपटी यांच्या मधल्या दुसऱ्या घरात 'कार्बोक्सिल' हा आम्लाचा गट बसवा. झाले ॲनाकार्डिक आम्ल.

म्हणजे फरक किती, तर एका घरातल्या बिऱ्हाडाचा. पण वाडीत राहणाऱ्या माणसाला शेजार कोणाचा यावर सगळे अवलंबून असते, हे आपल्याला सांगायला नको. रेणूंचेही तसेच आहे.

हायड्रॉक्सिलचा एक गुण लक्षात ठेवा. तो आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन त्या कड्यात ढकलतो. पण सगळ्यांना सारखे वाटत नाही. शेजारच्या दोन घरांना देतो, अगदी समोरच्या घराला देतो आणि एक सोडून असलेल्या घरांना जवळजवळ वगळतो. या वाटपावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

घाट कोणता सोपा?

एखाद्या रेणूपुढे प्रक्रियेच्या अनेक वाटा असतात. त्यातली नेमकी कोणती वाट तो धरतो? आपण कोकणातून वर देशावर जायला निघालो तर आंबोली आहे, करूळ आहे, भुईबावडा आहे, फोंडा आहे. प्रत्येक घाटाची चढण निराळी. गाडीत जोर कमी असेल तर ज्या घाटाची चढण कमी तोच आपण धरणार. रेणूंच्या बाबतीत गाडीचा जोर म्हणजे तापमान, आणि घाटाची उंची ठरते ती रेणूच्या रचनेवरून. रचनेत एक गट इकडचा तिकडे केला की एक घाट बुटका होतो, दुसरा उंच होतो. मग त्याच तापमानाला निराळीच प्रक्रिया घडते.

याचे उत्तम उदाहरण ॲनाकार्डिक आम्लाच्या एका धाकट्या भावंडात दिसते. त्या आम्लाची लांब शेपटी काढून टाकली तर उरते सॅलिसिलिक आम्ल. हे आपल्या ओळखीचे आहे. गजकर्णाच्या मलमात ते असते आणि त्याच्यापासूनच ॲस्पिरिन बनते. आता सॅलिसिलिक आम्लातला हायड्रॉक्सिल काढून नुसता कार्बोक्सिल ठेवा, की झाले बेंझॉइक आम्ल, जे सरबते टिकवण्यासाठी वापरतात. हे बेंझॉइक आम्ल तापवा. अडीचशे अंश सेल्सिअसला ते उकळू लागते, पण रेणू मोडत नाही. सॅलिसिलिक आम्ल मात्र दोनशे अंशांच्या आसपासच मोडू लागते. त्याच्यातला कार्बोक्सिल गट कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडून जातो आणि मागे उरते फिनॉल.

का बरे? कार्बोक्सिल जायचा तर त्याच्या जागी त्या कार्बनला एक हायड्रोजन यावा लागतो. शेजारच्या हायड्रॉक्सिलने त्या घरात इलेक्ट्रॉन ढकललेले असल्यामुळे येणाऱ्या हायड्रोजनचे तिथे स्वागत होते. घाट बुटका होतो. हाच हायड्रॉक्सिल एक घर सोडून बसवला तर तो रेणू इतक्या सहज मोडत नाही. गट तेच, अणू तितकेच, वजनही तेच. फक्त घर बदलले.

शेजाराचा आणखी एक परिणाम पाहा. सॅलिसिलिक आम्लातला हायड्रॉक्सिल शेजारच्या कार्बोक्सिलला हायड्रोजनच्या धाग्याने धरून ठेवतो. त्यामुळे हे आम्ल, हायड्रॉक्सिल समोरच्या घरात असलेल्या आपल्या भावंडापेक्षा तीस-चाळीसपट अधिक तीव्र आम्ल ठरते.

उलटी वाटही आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कोल्बे आणि श्मिट या रसायनशास्त्रज्ञांनी फिनॉलच्या सोडियम क्षारावर दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडून सॅलिसिलिक आम्ल बनवले. त्यात गंमत अशी की सोडियमऐवजी पोटॅशियम वापरले आणि तापमान वाढवले की कार्बोक्सिल शेजारच्या घरात न जाता बहुतांशी समोरच्या घरात जाऊन बसतो. नुसता धातू बदलला आणि आवडती वाट बदलली.

कढईतला फेस

आता पुन्हा काजूकडे येऊ. कारखान्यांत बी भाजण्याची एक जुनी पद्धत म्हणजे तेलाची कढई. टरफलाचेच तेल १९० ते २०० अंशांपर्यंत तापवायचे आणि त्यातून बी दीड-दोन मिनिटे फिरवायची. टरफलातल्या पेशी फुटतात, आतले तेल बाहेर येऊन कढईतल्या तेलाला मिळते आणि तासन् तास तापत राहते. त्या तापमानाला ॲनाकार्डिक आम्ल आपला कार्बोक्सिल गट सोडून देते आणि त्याचे कार्डॅनॉल होते.

कच्चे तेल तापवताना जो जोरदार फेस येतो, तो काही ओलाव्याचा आणि बाकी याच वायूचा. हिशेब करून पाहा. ॲनाकार्डिक आम्लाच्या वजनाचा साधारण आठवा भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. एक किलो शुद्ध आम्लातून सुमारे १२५ ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे ७० लिटर वायू. म्हणून तेल तापवणारे लोक भांडे अर्धेच भरतात. वायू एकदा हवेत गेला की परत येत नाही, त्यामुळे प्रक्रिया माघारी फिरत नाही. म्हणूनच कच्च्या तेलात ज्या आम्लाचे प्रमाण साठ टक्क्यांवर असते, ते भाजलेल्या तेलात जवळजवळ नाहीसे होते आणि साठ टक्क्यांवर कार्डॅनॉल येऊन बसते.

आपल्याकडच्या बहुसंख्य लहान कारखान्यांत आज मात्र तेलाची कढई नाही. बी वाफेवर उकडतात, वाळवतात आणि मग हाता-पायाने चालणाऱ्या कटरवर एकेक फोडतात. यात धूर नाही, गर पांढरा राहतो, तुकडा कमी पडतो. गराच्या दृष्टीने ही पद्धत चांगली. पण वाफेचे तापमान शंभराच्या थोडे वर. तेवढ्या जोरावर तो घाट चढून होत नाही. टरफलातले तेल टरफलातच राहते आणि त्यातले ॲनाकार्डिक आम्लही बहुतांशी तसेच राहते. तेलातले अधिक दाहक घटक म्हणजे हे आम्ल आणि कार्डॉल. कार्डॅनॉल त्या मानाने सौम्य. कढईच्या पद्धतीत धूर कामगारांच्या डोळ्या-छातीत जात होता, हे खरेच. पण वाफेच्या पद्धतीत धुराबरोबर चीकही गेला असे समजू नये. कटरवर बसणाऱ्या बाईच्या बोटांवर येते ते कच्चेच तेल असते.

बिब्बा जास्त का उततो?

आता कातडीवर काय होते ते पाहू. शेपटी पंधरा कार्बनांची, म्हणजे तेलासारखी. आपल्या कातडीचा वरचा थरही स्निग्ध. त्यामुळे हा रेणू कातडीत सहज शिरतो. शेपटी नसलेला रेणू पाण्याने धुऊन जाईल, हा जात नाही.

बिब्ब्यातल्या रेणूची रचना काजूतल्यासारखीच आहे, पण त्यात दोन हायड्रॉक्सिल अगदी शेजारी-शेजारी असतात. जपानी लाखेच्या झाडातही असाच रेणू असतो. त्याला उरुशिऑल म्हणतात आणि त्याची रचना जपानचे रसायनशास्त्रज्ञ रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उलगडली. शेजारचे दोन हायड्रॉक्सिल हवेतल्या ऑक्सिजनला आपले हायड्रोजन देऊन टाकतात आणि 'क्विनोन' नावाचे रूप घेतात. हे रूप फार अधीर. कातडीतल्या प्रथिनांना ते जाऊन चिकटते. आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा मग त्या प्रथिनांनाच परके समजते आणि फोड येतात. परिटाने बिब्ब्याने केलेली कपड्यावरची खूण धुतली तरी जात नाही, ती याच रेणूंच्या करामतीमुळे.

कार्डॉलमध्येही हायड्रॉक्सिल दोनच आहेत, पण एक घर सोडून. या रचनेतून तसे क्विनोन सरळ बनूच शकत नाही, कारण बंधांची जोडी जमत नाही. बिब्बा काजूपेक्षा अधिक भयंकर उततो, त्याचे एक मोठे कारण हे. तरीही काजू उततोच. एक तर ही रसायने कातडीला थेट जाळतात. दुसरे म्हणजे ती बिब्ब्याच्या रेणूसारखी दिसतात. ज्याच्या शरीराला यांपैकी एकाची ॲलर्जी झाली, त्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. एखाद्याला आंब्याच्या चिकाने ओठ सुजण्याचा त्रास असेल, तर त्याने ओली काजू बी फोडायला बसताना दुप्पट जपावे.

खोबरेल सुकत नाही, हे तेल सुकते

शेपटीचाही एक स्वभाव आहे. काही रेणूंच्या शेपटीत एकही दुहेरी बंध नसतो, काहींत एक, दोन किंवा तीन असतात. खोबरेल तेलात असे दुहेरी बंध फारच थोडे, म्हणून ते लाकडाला लावले तर महिनोन् महिने तेलकटच राहते. जवसाच्या तेलात ते पुष्कळ, म्हणून हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक पापुद्रा तयार होतो. काजूच्या टरफलाचे तेल या बाबतीत जवसाच्या वाटेने जाते. पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांना आणि जाळ्यांना हे तेल लावण्याची रीत होती, ती यामुळेच. तेल सुकून घट्ट होते, पाणी अडवते आणि त्यातली फिनॉले किडीला, बुरशीला जवळ येऊ देत नाहीत.

कारखानदारीत याच गुणांना मोल आहे. १९०७ साली लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बॅकेलाइट बनवले. जुन्या टेलिफोनचे काळे यंत्र, विजेची बटणे त्याचीच. फॉर्मल्डिहाइड फिनॉलला जोडले जाते ते हायड्रॉक्सिलच्या शेजारच्या आणि समोरच्या घरांत, कारण इलेक्ट्रॉन तिथेच जास्त. कार्डॅनॉलमध्ये ही घरे मोकळीच असतात. फक्त हायड्रॉक्सिल आणि शेपटी यांच्या मधल्या घरात दाटी होते, म्हणून फॉर्मल्डिहाइड ते घर टाळते आणि बाकीची दोन पसंत करते. तयार होणाऱ्या राळेत लांब शेपट्या राहिल्याने ती बॅकेलाइटसारखी ठिसूळ होत नाही. गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात ही राळ वापरतात. कार्डॅनॉलपासून केलेले इपॉक्सी रंगांचे घट्टक ओलसर हवेत आणि थंडीतही सुकतात, म्हणून जहाजांच्या रंगात त्यांना मागणी असते. एके काळी होडीला ब्रशने लावलेल्या तेलाचेच हे पुढचे रूप.

हातांसाठी

आता घरातल्या उपायांकडे. बी फोडण्याआधी हाताला खोबरेल लावतात, राख चोळतात. हे अडाणीपणाचे नाही. खोबरेलाचा थर कातडीच्या आधी चीक आपल्यात विरघळवून घेतो, आणि हे तेल स्वत: सुकत नसल्याने नंतर पुसून काढता येते. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ॲनाकार्डिक आम्लाशी त्याची गाठ पडली की आम्लाचा क्षार होतो, जवळजवळ साबणच, आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. पण हे घडते ते कार्बोक्सिल गट असलेल्या आम्लापुरतेच. कार्डॉल आणि कार्डॅनॉल ही फार सौम्य आम्ले, राख त्यांचे काही करू शकत नाही. शिवाय राख स्वत:ही कातडी कोरडी करते. म्हणजे दोन्ही उपाय अर्धे खरे आहेत.

तेव्हा चीक लागला तर आधी नुसत्या पाण्याखाली हात धरू नका. पाणी त्या शेपटीला हलवू शकत नाही, फक्त पसरवते. आधी खोबरेल किंवा कोणतेही खाद्यतेल लावून फडक्याने पुसा, मग साबणाने भरपूर धुवा. जितक्या लवकर धुवाल तितके बरे, कारण कातडीत शिरलेला रेणू साबणाला सापडत नाही. त्या हाताने डोळा चोळू नका, लहान मुलाला घेऊ नका. चीक पुसलेले फडके निराळे ठेवा. पोरे चुलीत काजू बी टाकून तडतड ऐकतात, त्यांना लांब बसवा. बी फुटली तर तापलेला चीक उडतो. फोड मोठे आले, डोळ्याला किंवा तोंडाला लागले तर घरगुती लेप न लावता डॉक्टरांकडे जा.

आणि कारखाना चालवणाऱ्यांना एक विनंती. हातमोज्याने बी निसटते, काम मंदावते, मजुरी नगावर किंवा किलोवर असल्याने बायका मोजे काढून ठेवतात. ही अडचण खरी आहे, आणि तिचे उत्तर त्या बायकांवर सोपवून चालणार नाही. बोटाला नीट बसणारे पातळ मोजे, दर तासाला तेल-साबणाने हात धुण्याची सवड आणि त्या वेळेची मजुरी, एवढे तरी द्यायला हवे. टरफल विकून त्यातल्या तेलाचे पैसे मिळतात. त्यातला थोडा भाग, ज्या हातांना हेच तेल लागते त्यांच्यावर खर्च झाला तर हिशेब बरोबर जुळेल.